चार नंबरला हसायचं नाही

३ जून, सोमवार

चिठ्ठ्यांची पेटी आज उघडली! वर्षभराच्या चिठ्ठ्या मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. आमच्या डायलिसिस विभागाचं कौतुक, आणि त्यात बरंचसं माझंच. 'त्या सिस्टर आल्या की बरं वाटतं.' 'मशीनवरचे चार तास कसे जातात कळत नाही.' बँकवाल्या आजींनी तर ठसठशीत सही करून लिहिलंय — 'आमचा रेडिओ कधी बंद पडू नये.' रेडिओ म्हणजे मी. मी खाली मान घालून उभी. आवडत होतं, खोटं कशाला लिहू!

मग एक चिठ्ठी आली. मेट्रनबाई थांबल्या, चष्मा पुसला आणि वाचलीच — 'त्या सिस्टरांनी कृपया माझ्याशी हसू नये.' खाली नाव नाही.

सगळे हसले. मीही. पण घरी येईपर्यंत तेवढी एकच चिठ्ठी डोक्यात. बाकीच्या ढीगभर कुठे गेल्या कोण जाणे.

५ जून, बुधवार

शोधावं लागलं नाही. चार नंबरच्या खाटेवरच्या काकांचं वजन करत होते. काटा बराच वर गेलेला — अंगात पाणी साठलेलं. नेहमीसारखं म्हटलं, "काका, घरून दगड खाऊन आलात की काय?" ते काट्यावरून उतरले. म्हणाले, "चिठ्ठी अजून पोचली नाही वाटतं."

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं कुठे! उलट फार छान जमतंय. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात उभा होतो, सिस्टर. ताक्यामागून ताके उलगडायचे. गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी 'या परत' म्हणायचं. मालक गल्ल्यावरून बघायचा — दात दिसतायत की नाही." मग कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. "संध्याकाळी इथं दुखायचं. तुमचं दुखतं?"

दुखतं. कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

"माझ्यापुरतं दुकान बंद ठेवा. मी काही तक्रार करणार नाही."

राग आला. अजून आहे. माझं हसणं म्हणजे काय विकायचा माल आहे?

७ जून, शुक्रवार

त्यांच्याशी हसले नाही. रागानेच. सुया एका झटक्यात लागल्या.

८ जून, शनिवार

लेक जेवताना म्हणाली, "आई, पेशंटना वाढून उरलं असेल तर आमच्याशीही हास ना जरा." ह्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. पण ती चुकीचं काय बोलली?

१२ जून, बुधवार

चार नंबरजवळ दहा मिनिटं स्टुलावर बसले. रक्तदाब बघायचं निमित्त. ते छताकडे बघत होते, मी नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे. कुणी काही बोललं नाही. उठले तेव्हा खांदे हलके झाले होते. कामावर असताना! असं यापूर्वी कधी झालं होतं, आठवत नाही.

पलीकडच्या खाटेवरून ड्रायव्हर ओरडला, "काय सिस्टर, चार नंबरला स्टेशन लागत नाही का?"

आजी म्हणाल्या, "अरे, तिथं नुसत्या बातम्या लागतात!"

सगळा हॉल हसला. मीही काहीतरी ठणकावून परत दिलं. एका क्षणात चेहरा बदलला माझा — आतून कळला तो बदल. दुकान उघडलं. बघा, शब्दसुद्धा आता काकांचाच वापरायला लागले.

१७ जून, सोमवार

काकू आल्या होत्या. त्यांची एक किडनी काकांना देता येईल का, त्याच्या तपासण्या सुरू आहेत. रक्तगट जुळलाय. मूलबाळ नाही, काकांच्या भावाने हात वर केले. जे काही आहे ते काकूच.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे घरी तुमचं सांगतात हो. 'ती बाई माझ्याजवळ बसते' म्हणतात." बसते. एवढंच. मग म्हणाल्या, "ऑपरेशन झालं ना, की आधी समुद्र बघायला जायचंय. आठ दिवस. मधे सोमवार नको, बुधवार नको, शुक्रवार नको!"

मी तिथे बसते ती त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? पेशंटला विसावा द्यायचा असतो. त्याच्याकडून घ्यायचा नसतो. आणि घेत असेन, तर त्यांना ते माहीत आहे का? मला वाटतं, आहे. चिठ्ठी त्यासाठीच टाकली असेल का?

२४ जून, सोमवार

दोन सिस्टर रजेवर. पाय सुजलेत. बास.

२६ जून, बुधवार

काकूंचा रिपोर्ट आला. फायलीला लावताना माझ्याच हातातून गेला. लघवीतून प्रथिनं जातायत. त्यांच्या स्वतःच्याच किडन्या थकायला लागल्यात. देता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी दोघांना समोर बसवून मी सांगतो. तोवर तुम्ही काही बोलू नका." बरोबरच आहे. मी बोलणार नव्हतेच.

चार नंबरला गेले आणि — "काय काका, आज एकदम कडक इस्त्री! कुणाच्या लग्नाला निघालात? स्वतःच्याच की काय?" माझ्याच तोंडून. सगळे दात दाखवून.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत बाही वर सरकवली. मग सावकाश म्हणाले, "उघडलंत दुकान."

मी सुईचं पाकीट फोडत राहिले.

"म्हणजे रिपोर्ट आला. आणि जमत नाहीये."

"तसं काही नाही हो काका —" हेही हसतच. हसू थांबेचना!

"असू दे, असू दे. डॉक्टरांनी शुक्रवारी दोघांना बोलावलंय, हिला मात्र तोवर कळायला नको. दोन दिवस मी सांभाळतो घरी. सवय आहे."

२७ जून, गुरुवार

सुट्टी. कपाट आवरायला काढलं, तसंच उघडं टाकलं.

एक शब्द बोलले नाही आणि सगळं सांगून बसले. शिवाय ते ओझं घेऊन त्यांना घरी पाठवलं — दोन दिवस बायकोसमोर नाटक करायला.

आजींच्या हृदयाचा रिपोर्ट वाईट आला होता, त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "आज फार गोड बोलतेस गं." मी ते कौतुक समजले होते! म्हणजे आजींनाही कळतं? ड्रायव्हरलाही? मी ज्याला धीर देणं म्हणते, ती त्यांच्या कानांवर दवंडी पडते की काय?

लेक म्हणाली, "आई, काय झालंय?" म्हटलं, "काही नाही." हसले नाही. ती जवळ येऊन बसली, कपाटातल्या चादरींच्या घड्या घालत.

२८ जून, शुक्रवार

सकाळीच डॉक्टरांना सांगितलं. माझ्याकडून फुटलं.

"काय बोललात?"

"काही नाही. हसले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही चार दिवस रजा घ्या."

दुपारी त्यांनी दोघांना आत बोलावलं. मी फाईल घेऊन मागे उभी. डॉक्टर बोलले तसे काका असे दचकले, की क्षणभर मलाच वाटलं, यांना खरंच माहीत नव्हतं. काकू रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "दोन दिवस इतके खुशीत होते हो! काल तर समुद्रावर न्यायची चादर काढून ठेवली त्यांनी. आणि आज हे —"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

१ जुलै, सोमवार

रजा घेतली नाही. काकांचं वजन केलं, सुया लावल्या. हसले नाही. 'माफ करा' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मोकळ्या हाताने स्टूल पुढे ओढलं. "या ताई, बसा. काय दाखवू? हलक्यातलं की भारीतलं?" — आणि हसले. तोंडभर, चाळीस वर्षांच्या सवयीचं. मी बसले. बरं वाटलं मला. माहीत असूनही बरं वाटलं! मग त्यांचा हात हळूच कानाखाली गेला, आणि मी मशीनकडे बघायला लागले.