पोथीपुरतं सावकाश

२७ जुलै १९९१, शनिवार

काल गुरुपौर्णिमेला आवडाबाईंनी पोथीला शेवटचा नमस्कार केला. डोळे गेले त्यांचे. आता जालन्याला लेकीकडं राहणार. म्हणजे श्रावणात आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात पोथी वाचायची जागा मोकळी. इतकी वर्षं मी त्यांच्या मागं बसून पानं उलटून दिली. गल्लीत माझ्या वयाची मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. त्यात विचारायचं काय?

तरी विचारलं. आप्पासाहेब देवळाचे विश्वस्त. म्हणे, "वहिनी, तुम्ही वाचता ते देवाला कळत असंल. आम्हाला नाय कळत. लई पळता." श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मला एक अध्याय देऊन बघणार. जमला नाही तर समोरच्या घरातली सून कालिंदी आहेच. एक शब्द बोलून दुसरा शोधत बसते ती, आणि लोक त्याला गोड म्हणतात.

मी पळत नाही. लोकांचे कान मळलेले आहेत. किळस येते.

तरी देवासाठी ठरवलं. उद्यापासून सगळ्यांशीच सावकाश आणि स्पष्ट बोलायचं. रोजच्या बोलण्यात मुरलं की पोथीत आपोआप उतरेल.

२८ जुलै, रविवार

वैजनाथला सुट्टी. वाळूजच्या कारखान्यात लागल्यापासून आईला शहाणं करायची हौस आली आहे त्याला. टेपरेकॉर्डरवर माझं बोलणं भरून मलाच ऐकवलं. कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी वाजलं. मी म्हणलं, मशीन पळतंय, नव्या सेलचा माज.

दुपारी तो झोपल्यावर नवे सेल काढून ठेवले, उगीच जळायला नकोत. जुने उन्हात तापवून घातले. तीच कॅसेट, पण काय सुंदर वाजली! शब्द न् शब्द सुटा. आवाजसुद्धा भारदस्त, एखाद्या कीर्तनकारबुवांसारखा.

म्हणजे दोष माझ्यात नव्हताच. तरी पोराचं मन राखायला त्याची युक्ती करून बघते. एक वाक्य झालं की थांबायचं, दम खायचा, मग दुसरं.

३० जुलै, मंगळवार

थांबणं सुरू केलं. अनुभव घाणेरडा.

बन्सी भाजीवाल्याला म्हणलं, मेथी दे. थांबले. तेवढ्यात त्यानं तीन जुड्या पिशवीत कोंबल्या. शेजारच्या आशाबाईंना म्हणलं, कसं काय? थांबले. तर त्यांचे दोन्ही गुडघे, जावयाची बदली आणि नणंदेचं ऑपरेशन, सगळं त्या थांबण्यातून आत घुसलं. दूध उतू गेलं. ह्यांना म्हणलं, जरा ऐकता का? थांबले. हे "व्हय" म्हणाले आणि चपला घालून गुलमंडीला निघून गेले.

बोलण्यात मोकळी जागा सोडली की लोक तिथं कचरा आणून टाकतात.

१ ऑगस्ट, गुरुवार

पूजेत उपाय सुचला. जागा रिकामी सोडायचीच कशाला? तोंड थांबवायचं, पण मनानं बोलत राहायचं. जे वाटतं ते मनातल्या मनात पूर्ण म्हणायचं, मग पुढचं वाक्य. थांबणंही होतं, वेळही वाया जात नाही.

बन्सीवर करून पाहिलं. म्हणलं, मेथी दे. थांबले. मनात म्हणलं, वरून हिरवी, आतून सडकी, अगदी तुझ्यासारखी. बन्सी माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग गुपचूप जुडी सोडली आणि आतली पिवळी पानं काढून फेकली.

सावकाश बोलण्याचा वचकच वेगळा.

५ ऑगस्ट, सोमवार

झपाट्यानं सुधारणा.

ह्यांना म्हणलं, ताट वाढलंय. मनात म्हणलं, मचमच आवाज करत जेवणारं माणूस माझ्याच नशिबी का? आश्चर्य म्हणजे आज ह्यांनी तोंड मिटून जेवण केलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा. भाजीही परत मागितली नाही. मग विचारलं, तुला बरं वाटतंय ना? म्हणलं, उत्तम.

आशाबाई शनिवारपासून फिरकल्या नाहीत. गुडघे असतील. वाटीभर साखरेला येतात ती तेवढीच वाचली.

८ ऑगस्ट, गुरुवार

वैजनाथ म्हणाला, आई, आता तुझं बोलणं स्पष्ट कळतं, पण तू कमी बोलशील का? ह्या पोरांचं समाधान कशानंच होत नाही. वीट आला.

कालिंदी दारात घसा शेकत बसली होती. मिठाच्या गुळण्या, हळद, मध. देवापुढं वाचायला एवढी सजावट लागते?

१२ ऑगस्ट, सोमवार

झालं. आणि काय झालं!

उपास होता. पहाटे न्हाऊन गेले. देऊळ भरलेलं. समोर माईक, बाहेर लिंबाच्या झाडाला कर्णा. एक ओवी वाचायची, थांबायचं, मनातलं म्हणायचं, मग दुसरी. कुठंही घाई नाही.

पहिल्या ओवीला मनात म्हणलं, पंखा एवढा मोठा कशाला, देवाला उकडतंय का? कोणीतरी उठून पंखा बंद केला. पुढं मनात आलं, आशाबाईंनी देवापुढची केळी पदराखाली घेतली, हे काही खरं नाही. आशाबाईंनी मुकाट्यानं केळी परत ठेवली. मग वाटलं, विश्वस्त म्हणवतात आणि सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. आप्पासाहेबांचा हात आपोआप गळ्याशी गेला. कोपऱ्यात बसलेल्या देवळाच्या कारभाऱ्यांचा तंबाखू मनात आला मात्र, ते थुंकायला बाहेर गेले.

अंगावर काटा आला. मी ओठसुद्धा हलवले नव्हते, आणि माणसं हलत होती!

पोरीबाळी पदरात तोंड खुपसून गदगदत होत्या. भक्तीनं गहिवरून येतं तसं. कालिंदीच्या डोळ्यांतून तर पाणी. वाचून झाल्यावर लोक भराभर चपला शोधायला निघाले. आप्पासाहेब फक्त म्हणाले, उद्या कळवतो.

ही सिद्धीच म्हणायची. ती वाटेल तशी वापरायची नाही असं ठरवलं. गल्लीतली घाण तेवढी निपटायची आणि पुरे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सिद्धीचं फक्त ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"अगं, तू ते मनात नाही म्हणलीस," हे म्हणाले. "माईकवर म्हणलीस."

मी म्हणलं, सगळं?

"सगळं. शहागंजपर्यंत गेलं असंल. आणि लई स्पष्ट."

मी विचारलं, मग ताटावरचं? ते पण रोज ऐकू येतं म्हणे. मेथीचं त्यांना माहीत नाही, पण बन्सी आता आमच्या दारावरून हाक न देता जातो. मग मला सांगितलं का नाही? तर म्हणाले, "आधीपण म्हणतच असशील तू. तेव्हा कळायचं नाही. बरं होतं."

असं म्हणून पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. मी बराच वेळ पोळपाट पुसत राहिले.

शी. देवळाच्या माईकवाल्याला एवढी अक्कल नको, की वाचणारी बाई थांबली की बटण बंद करावं?

दुपारी आप्पासाहेबांचा निरोप आला. उद्यापासून पोथी कालिंदी वाचेल. मला म्हणे वाती वळायला बोलावतील. वाती कोणीही वळतं.

जागा गेली, देव गेला नाही. उद्या जाणार. मागं बसणार आणि तोंड मिटून ऐकणार. त्यात काय अवघड आहे?

१४ ऑगस्ट, बुधवार

गेले. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. आशाबाई सरकून पलीकडं गेल्या.

कालिंदीनं एक ओवी वाचली आणि थांबली. देवळातली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी ओठ दाबून धरले होते. काही झालं नाही. दुसरी ओवी, पुन्हा थांबली. तोंडं पुन्हा वळली. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

तिसऱ्या ओवीला ती फारच थांबली. एवढं देऊळ, पण चिडीचूप. आणि त्या शांततेत कोणीतरी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणालं, "ही थांबते, का झोप काढते?"

ह्या वेळी कोणीच वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मी तोंडाला हात लावून पाहिला. पदर मांडीवर पडला होता.