बोहारणीने नाकारलेली साडी

ती. सौ. ताईस,
राग आला असला तरी तू मोठी, म्हणून झाशीहून कमलिनीचा आधी नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मार्तंडाच्या मुंजीत मी आहेर केलेली साडी तू हळदीकुंकवाला नेसलीस, पुण्याच्या बायकांनी दुकानाचं नाव विचारलं, आणि वर मलाच लिहितेस, "झाशीत राहूनही तुला शेवटी निवड कळायला लागली!"

तर ऐक. दुकान तुझंच. गेल्या दिवाळीत बोहारीण जिच्यावर चमचाही देईना म्हणून तू माझ्याकडे पाठवलीस, तीच ही पिवळट साडी. मुंजीला रिकाम्या हाताने यायचं नव्हतं. खंडेराव गेटच्या रंगरेजाने ती जांभळी करून दिली. "भाभीजी, अब कोई नहीं पहचानेगा," म्हणाला. खरा निघाला. पदराजवळ तुझ्या इस्त्रीचा डाग होता, त्यावर मी मोर भरलाय. उलटून बघ.

तुझं पत्र वाचून हे हसले, बऱ्याच दिवसांनी. हल्ली ते दिवसभर घरीच असतात, त्यामुळे मला सोबत होते. आईला हे सांगत बसू नकोस. तिचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का?

मला गरीब म्हण, चालेल. बेंगरूळ म्हणायचं नाही.

साडी तुझी, डागही तुझा. दोन्ही खुशाल ठेव. काठ मात्र माझ्या लग्नातल्या शालूचे आहेत. ते नीट उसवून परत पाठव.

अजून तरी तुझीच धाकटी,
कमलिनी