मांजर धरताना

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याला मांजर चावलं. टाके तीनच आहेत आणि इंजेक्शनं सुरू आहेत. आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

पशुवैद्यकीय तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर जनावर नीट धरता येतं असं इथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लिहून द्यावं लागतं. त्यात मी दोनदा नापास झाले. रक्त मी पहिल्याच टोचणीत काढते, पण जनावर ओरडलं की माझी पकड सुटते. बाई म्हणाल्या, "धरतेस कसली, माफी मागतेस त्याची." महिनाअखेरीस शेवटची संधी आहे. लॅबची नोकरी सोडलीय, माझ्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते.

तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "मी तीस वर्षं दवाखान्यात जनावरं धरली ती तू शिकावीस म्हणून. आणि तू शिकून जनावरंच धरणार?" मी फोन ठेवला. त्यानंतर आपण बोललो नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, मांजर धरताना तुमचा अंगठा कुठे असायचा? नेमकं लिहा. आणि ते ओरडायला लागलं की तुम्ही काय करायचात, तेही.

तुमचीच,
लेक