अक्का, रोटाचं मी सांगितलंच नाही

प्रिय अक्का,

डिग्री मिळून आठवडा झाला आणि ती अजून कपाटात, साड्यांच्या खाली आहे. घरी येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, "अक्कांच्या फोटोपुढे ठेव ना गं, सासूबाईंना किती आनंद झाला असता." मी हो म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. काल तुमच्या मुलाने फोटोखालच्या रिकाम्या फळीकडे नुसतं पाहिलं. तेव्हा ठरवलं की आधी तुम्हाला लिहायचं, मग डिग्रीचं बघू. समोर उभं राहून बोलायला मला धीर होत नाही.

तर अक्का, तुमची सून बी.एस्सी. नर्सिंग झाली. तुम्ही विचारायचात ना, "तुले सुई देता येस, सलाईन लावता येस, मंग आखो काय शिकनं ऱ्हायनं?" साक्रीच्या दवाखान्यात इतकी वर्षं नोकरी करून चाळिशीत पुन्हा वह्या-पुस्तकं, हॉस्टेल, परीक्षा. याचं उत्तर मला तेव्हाही नीट देता आलं नव्हतं. बढती मिळेल असं मी सांगितलं. खरं म्हणजे भडगावला माहेरी असताना डिग्री करायची राहून गेली होती, डिप्लोमावरच लग्न झालं, आणि ते मनातून जात नव्हतं. एवढं साधं कारण सांगायला मला लाज वाटली. तुम्हाला ते कळलं असतं, नाही का?

जागा मिळाली ती मिशनच्या त्या लहानशा कॉलेजात. मिशन म्हटल्यावर तुमचा चेहरा उतरला. जायच्या दिवशी तुम्ही पहाटेच घरच्या पाण्याच्या बाटल्या भरून पिशवीत घातल्या. "शिकाले जाय, पन तठलं पानी पेवू नको." मी म्हटलं, "अक्का, दोन वर्षं हेच पाणी कसं पुरवू?" तर तुम्ही म्हणालात, "ऐतवारले येशी तवय भरी लई जाजो." पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता. धुळ्याच्या बसस्टँडवर, दुसऱ्या गाडीची वाट बघताना, मी त्यातली एक बाटली झाडाच्या बुडाशी ओतली. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजात पदवीचा कार्यक्रम होता. वर्गात मी वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून प्राचार्या म्हणाल्या, विद्यार्थिनींच्या वतीने तुम्ही बोला. प्रार्थनेच्या हॉलमध्येच कार्यक्रम. पुढे पाहुणे, मागे घरची मंडळी. तुमचा मुलगा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता आणि नात मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती.

मी लिहून नेलं होतं, पण चार वाक्यांत कळलं की कोणी ऐकत नाही. पंखे घरघरत होते, पोरं रडत होती. मग कागद बाजूला ठेवून मी तुमच्या बाटल्यांचं सांगायला लागले. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तुमचा आवाज काढला, अक्का. तुमच्यासारखा पदर दातात धरला आणि म्हटलं, "शिकाले जाय, पन तठलं पानी पेवू नको!" हॉल हसला. मला हसू आवडलं. म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.

आणि मग म्हणाले, "अशा विचारांशी झगडत मी आज इथे उभी आहे."

टाळ्या किती वाजल्या म्हणून सांगू! पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मी खाली उतरले तेव्हा माझे कान तापले होते, आणि तो आनंद होता. हे लिहायलाच हवं. त्या क्षणी लाज नव्हती, आनंदच होता.

खोटं काय बोलले मी? एक शब्दही नाही. बाटल्या खऱ्या, तुमचं बोलणं खरं. मी फक्त अर्ध्यावर थांबले.

सुमित्रा आठवते ना तुम्हाला? माझ्या खोलीतली, पिंपळनेरकडची, बारीकशी, गळ्यात क्रॉस. ती टाळ्या वाजवत नव्हती. जेवणाच्या रांगेत माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, रोटाचं का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "वेळ कुठे होता?"

ती म्हणाली, "पाणी दोनदा सांगितलं की." आणि ताट घेऊन पुढे गेली.

अक्का, तो दिवस मी विसरले नव्हते. शिकायला गेले त्याच वर्षीचा श्रावण. घरी कानबाईमाता बसली होती, सगळी भाऊबंदकी जमली होती, आणि माझी ड्युटी वॉर्डात लागलेली. रजा मिळाली नाही. कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी वॉर्डातून आले तर हॉस्टेलच्या पायरीवर तुम्ही बसलेल्या. एकट्या, दोन गाड्या बदलून आलेल्या, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. "घरनी सून रोट खाई नही म्हंजे काय?" एवढंच म्हणालात आणि गुडघ्यांवर हात देऊन उठलात.

रोट म्हणजे आपल्या घराण्याचा प्रसाद. तो घराण्याबाहेर जात नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत, त्याचं खरकटंही उंबऱ्याबाहेर टाकत नाहीत. भाऊबंदकीतले वडीलधारे आबा पंगतीत असताना कोणी पाहुणा चुकून आला तर तुम्ही ताटावर पदर धरायचात. त्याच तुम्ही डबा घेऊन मिशनच्या हॉस्टेलात आलात. तेवढ्यानेच मी गार झाले होते.

खोलीत तुम्ही डबा सोडला. पुरणाची पोळी, गिलक्याची भाजी, खीर. सुमित्रा खाटेवरून उठली. तिच्या गावात शेजारी कानबाई बसते, तिला सगळं ठाऊक. "रोट आहेत ना, आजी? मी बाहेर बसते," म्हणून ती चपला घालायला लागली. वर्षानुवर्षं उठून जायची सवय असलेलं माणूस उठतं, तशी ती उठली.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "हाई पोर तुना संगे ऱ्हास?"

"हो."

"तुले ताप उना व्हता, तवय तुनं कोनी करं?"

मला टायफॉइड झाला होता. सुमित्राने माझे कपडे धुतले, मला भरवलं, उलटीचं भांडं उचललं. मी तुम्हाला फोनवर तेवढं सांगितलं होतं. मी नुसतं तिच्याकडे बोट केलं.

"मंग ती घरनीच व्हयनी," तुम्ही म्हणालात, आणि पोळी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली.

सुमित्रा दारातच थांबली. "आजी, मी ख्रिश्चन आहे."

"माले दखास," तिच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघत तुम्ही म्हणालात. "डोळा फुटेल नहीत मना. खाय. तूप कमी शे, गोड मान."

ती खाटेवर बसून खायला लागली आणि खाता खाता रडायला लागली. तुम्ही तिला रागावलात, "पुरन खारं करशी का?" मग हात धुवायला पाणी मागितलंत, आणि उरलेलं पाणी प्यालात. कॉलेजच्या माठातलं. मी बघत होते. तुम्हाला लक्षात आलं की नाही, देव जाणे.

निघताना जिन्यात माझा दंड धरून म्हणालात, "घर सांगजो नको. आबा माले वरीसभर बोलत ऱ्हाई."

मी कोणाला सांगितलं नाही. पदवीच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत हेच स्वतःला समजावत होते, की मी अक्कांचं वचन पाळलं. त्यांनी घराण्याचा नेम मोडला हे चारचौघांत कशाला काढायचं? पण नीट आठवून पाहिलं तर स्टेजवर मला वचन आठवलंच नव्हतं. तिथे मला फक्त टाळ्या दिसत होत्या. वचन आठवलं ते नंतर, सुमित्राने विचारल्यावर, जेव्हा मला आडोसा हवा होता.

गाडी साक्रीच्या जवळ आली तेव्हा तुमचा मुलगा पहिल्यांदा बोलला. तो शिकल्यापासून माझ्याशी शुद्धच बोलतो, यावरून तुम्ही त्याला चिडवायचात. त्या दिवशी तो तुमच्या भाषेत बोलला.

"मनी माय इतलीच व्हती का?"

माझ्या शिक्षणापायी तुम्ही त्या वयात पुन्हा चूल सांभाळलीत, नातीच्या वेण्या घातल्यात, आणि मी तुम्हाला पाण्याच्या बाटलीएवढं करून टाकलं.

थोडी तुमच्यावरही रागावले आहे, अक्का. रोटाचं लपवलंत ते समजू शकते. पण पायऱ्या चढताना दम लागतो हे का लपवलंत? त्याच वर्षीच्या थंडीत मी सुट्टीला आले तेव्हा तुमचे पाय सुजलेले होते. मी पुढ्यात बसले तर तुम्ही लुगड्याने झाकलेत. "तुनी परीक्षा शे, तू वाच." मी वाचत बसले. काय वाचत होते? हृदयविकाराच्या रुग्णाची शुश्रूषा. महिनाभरात तुम्ही गेलात. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मी पानंच्या पानं लिहिली. त्यात चांगले मार्क पडले. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

नातीने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. मी काढायला लावला, पण तोवर सगळ्यांनी पाहिला होता. चुलत जाऊबाई भेटल्या तर पदर दातात धरून म्हणाल्या, "पानी पेवू नको!" आणि हसल्या. वाईट मनाच्या नाहीत त्या. त्यांना मीच शिकवलं. आता भाऊबंदकीत तुमची आठवण निघाली की तेच निघणार. ज्या पोरी सून म्हणून उद्या या घरात येतील, त्यांना तुम्ही म्हणजे तेवढ्याच कळणार.

आणि ते निस्तरायला एकच वाट आहे, ती तुम्ही बंद करून गेलात. रोटाचं सांगावं तर तुमचं वचन मोडतं. आबा म्हणतील, रोट परक्याच्या हाती दिले म्हणूनच ती त्या थंडीत गेली. ते म्हणतील, मला माहीत आहे. न सांगावं तर तुम्ही दातात पदर धरून कायमच्या उभ्या राहाल, मी उभं केलंय तशा. यातली कुठली अक्का तुम्हाला चालेल? आठवडाभर हेच घोळतंय. सुमित्राला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ताई, आजींनी तेव्हा कोणाला विचारलं होतं?"

तुम्ही गेलात म्हणून मागच्या वर्षी घरात कानबाई बसली नाही. यंदा बसतेय. आबा येतील, सगळे येतील, रोटाचं दळण घालण्याआधी जाऊबाई जात्याला कुंकू लावतील.

अक्का, मी वचन मोडणार आहे. पंगत बसली की पहिला घास घेण्याआधी सांगणार, हॉस्टेलच्या पायरीपासून माठातल्या पाण्यापर्यंत सगळं. तुमचा आवाज न काढता. अहिराणीत सांगेन, पण ती माझी असेल, जशी येते तशी, भडगावची मोडकीतोडकी. सुमित्रालाही बोलावलं आहे. ती येते म्हणाली, पण बाहेर ओट्यावर बसेन म्हणाली. बघू कुठे बसते ते.

आणि आबा वर्षभर बोलतील, ते आता मला बोलतील. तुमच्या वाटचं ते बोलणं मी खाली मान घालून ऐकेन. ते सुरू झालं की डिग्री तुमच्या फोटोपुढे ठेवीन.

तुमची सून,
वैशाली