गेलनसकट ओढलेलं खोपटं

ती. लव्हॉनवन्सं यांस,

आर्डिसचा नमस्कार. नव्या औषधाने गुडघा वाकायला लागला का? तिकडे ॲरिझोनात तुम्ही नोव्हेंबरातही अंगणात कॉफी घेता म्हणे. इथे मिनेसोटात तळं गोठायला लागलंय. मी बरी आहे. जेवते. ऑर्विलच्या खुर्चीवर हल्ली पुस्तकं ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

पत्रास कारण कोर्ट. घाबरू नका, जुनंच आहे. चोरीचं ते प्रकरण तुमच्या कानावर अर्धंमुर्धं आलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते. ऑर्विल गेला त्या हिवाळ्यात त्याचं मासे धरायचं खोपटं गोठलेल्या तळ्यावरच राहिलं होतं. बर्फ कच्चा व्हायच्या आत ते काठाला आणावं लागतं, नाहीतर दंड. शेजारी म्हणाले, आम्ही आणतो. मी म्हटलं, नवरा माझा, खोपटं माझं, मीच आणणार. (माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, त्यावर आता बोलू नका.) पिकअप घेऊन बर्फावर गेले, हिरवं खोपटं दिसलं, साखळी अडकवली आणि ओढलं. दारावर मालकाचं नाव असतं, पण त्यावर बर्फ चिकटलेला. पुसला नाही. आपल्याच दारावरचं नाव कोण वाचतं? वाटेत आतून धाडधाड आवाज येत होता; मला वाटलं, ऑर्विलची भांडी. काठाला आल्यावर दार उघडलं आणि लाल लोकरी चड्डीत गेलन टोर्स्टाड बाहेर आला. (खोपटं त्याचं निघालं. चर्चच्या छपराचा उरलेला हिरवा रंग त्याने आणि ऑर्विलने वाटून घेतला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) वाळत घातलेली त्याची पँट पहिल्याच हिसक्याला गळ सोडायला बर्फात पाडलेल्या भोकातून तळ्यात गेली होती. "आर्डिस, खोपटं न्यायचं तर ने, पण मला तरी उतरव!" म्हणाला, आणि रागारागाने पोलिसांना फोन केला.

खटला उन्हाळ्याआधीच काढून टाकला गेला. पण काढून टाकलेला खटलाही काँप्युटरात तसाच राहतो, वन्सं. मला शाळेत दुसरीच्या मुलांचं वाचन ऐकायला बसायचंय. मी स्वतः आठवीनंतर शाळा पाहिली नाही, वाचलं ते सगळं वाचनालयाच्या फिरत्या गाडीतून, म्हणून हे काम मला फार हवंय. शाळा आधी प्रत्येकाची नोंद तपासते. त्यात 'चोरी' निघाली असती. म्हणून ती नोंद झाकून टाकायचा अर्ज केला.

आता गंमत बघा. अर्ज केला की ज्याचं नुकसान झालं त्याला कोर्ट बोलावणं धाडतं. म्हणजे जे झाकायचं ते आधी गेलनसमोर पुन्हा उघडायचं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. जज्जबाईंनी विचारलं, हरकत आहे का?

"हरकत नाही, बाईसाहेब. पण नोंद झाकली की मीही गप्प बसायचं का? कॅफेत या गोष्टीवर मला फुकट कॉफी मिळते."

"तुमच्या तोंडावर माझा हुकूम चालत नाही."

"मग झाका खुशाल!"

मीसुद्धा हसले. मग जज्जबाईंनी सहज विचारलं, "पण तुम्ही स्वतःच्या नवऱ्याचं खोपटं ओळखलं कसं नाही?" वन्सं, जन्मभर त्याला डबा आणि थर्मास भरून दिला, पण त्या खोपट्यात एकदाही जाऊन बसले नाही. त्याने बोलावलं होतं. मी म्हणायचे, थंडी वाजते. बाईंनी सही केली. पोलिसांच्या दारात मान खाली गेली नव्हती, ती तिथे गेली.

गुडघ्याला जपा.

तुमची (आता कोर्टाच्या मते स्वच्छ) भावजय,
आर्डिस

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले. नाताळात तुम्ही वर्षभराच्या खबरी छापून सगळ्या नात्यागोत्यात पाठवता, त्यात यंदा हे घालू नका. कोर्टाला जे झाकता आलं, ते तुमच्या एका पाकिटाने उघडं पडेल.

ता. क. २ पाकिटं आधीच पोस्टात टाकली असतील, तर मागाहून एवढी दुरुस्ती कळवा, की आर्डिस चोरी करायलाच गेली होती. ऑर्विलच्या माणसांनी मला चोर म्हटलेलं चालेल; त्याचं खोपटं ओळखलं नाही, असं म्हटलेलं नको.