फोटोत करडी दिसलेली घोंगडी

४ फेब्रु., सातारा
पुण्याहून घोंगडी परत आली. चिठ्ठी : 'फोटोत करडी-काळी, आली तांबूस. उन्हात विटलेला जुना माल.' दिवाळीनंतरची ही तिसरी तक्रार. उजेडात धरली. तांबूस आहेच.
बिराआबांना माण तालुक्यात फोन. सहा वर्षं त्यांनी विणलेल्या घोंगड्या मी नेटवर विकते. स्पष्ट विचारलं, जुना माल दिलात का?
"बाई, मेंढीचा रंग हाय त्यो. म्या कुठनं बदलू?"
म्हटलं, फोटो खोटं बोलत नाही.
मीच फोन ठेवला.

९ फेब्रु.
आज पुन्हा फोन केला. आबांच्या सुनेने उचलला. "आवं बाई, आबांनी लय मनाला लावून घेतलंय. मागावर बसंनात. म्हणत्यात, चोर ठरलो, आता इणायचं न्हाई."
वाईट वाटलं. तरी नमतं घेतलं नाही.

१५ फेब्रु., सांगली
भाची मंजू इथे छापखान्यात फोटोंचं काम बघते. तिला घोंगडी दाखवली, पेजवरचा फोटो दाखवला.
"मावशी, सेव्ह करताना कलर प्रोफाइलची खूण काढतेस?"
काढते. फाइल हलकी होते.
"अगं, रंग कसे वाचायचे ते त्यात लिहिलेलं असतं. तुझा दिवाळीतला नवा कॅमेरा रंग वेगळ्या मापाने धरतो. प्रोफाइल काढलंस की लोकांच्या मोबाइलला ते माप कळत नाही. तांबूस होतं ते करडं दिसलं."
मूळ फाइल उघडली. तांबूस. परत आलेल्या घोंगडीसारखीच.
मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. जेवण गेलं नाही.

१७ फेब्रु.
सकाळच्या एसटीने आबांच्या वस्तीवर. दोन्ही फोटो दाखवले. चूक माझी, म्हटलं. माफी मागितली. सवय नाही, शब्द अडखळले.
आबांनी मोबाइल लांब धरून पाहिला, परत दिला.
"फोटूचं मला कळत न्हाई. पर बाई, घोंगडी तर तुमच्या हातात व्हती. नवी लोकर हाताला कळतीया की."
सून म्हणाली, "आबा, टोमणं नगा मारू. लांबनं आल्यात."
"टोमणा न्हाई गं. इचारतोय."
चहा घेतला. माग पोत्याखाली झाकलेला. विचारलं, पुन्हा कधी बसणार?
"बगू."

१९ फेब्रु., सातारा
करडे फोटो पेजवरून काढले. मंजूने नीट केलेले तयार आहेत. टाकले तर मागणी येईल. मग आबांना फोन करावा लागेल, आणि त्यांनी नाही म्हटलं तर? फोटो अजून टाकलेले नाहीत.