पांढरंशुभ्र कडं

२ डिसेंबर
आजपासून नवं आयुष्य. यंदा नाताळची बियर मी करणार. आईची गेल्या वर्षी नासली. कारण? इन्फेक्शन! पिंप धुते जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या घालून उकळलेल्या पाण्याने. सगळं गाव तसंच धुतं म्हणे. मी बर्गनला जंतुशास्त्र शिकलोय. अर्धंच, पण प्रोफेसर मूर्ख होता आणि ते मी त्याला भर वर्गात सांगितलं.
नियम : हात धुणे. न चिडणे. योरूनचा विचार फक्त जेवणानंतर.

४ डिसेंबर
(जेवणाआधीच.) योरून स्वतः आली! आमचं यीस्ट आईच्या बियरबरोबर गेलं, म्हणून त्यांच्या घरचं घेऊन. लाकडी कडं, त्यावर यीस्टची वाळलेली तपकिरी पपडी. म्हणाली, "पणजोबांपासूनचं आहे, एवढं एकच. बाबा म्हणत होते, हाल्वरला नको. मी भांडून आणलंय, जप."
भांडून! माझ्यासाठी! तळ्यापलीकडच्या एस्पेनला गेल्या वर्षी यातलंच थोडं दिलं होतं, पण तो निव्वळ शेजारधर्म. त्याच्या तळघरात कोळ्यांची जाळी आहेत.
चाखायला बाबांना घेऊन येणार म्हणाली. बाबांना का, हे कळायला कॉलेज लागत नाही.

७ डिसेंबर
कडं भिंगाखाली पाहिलं. शिसारी आली. पपडीत धूळ, भुसा, कुठल्याशा किड्याचा पाय. चार पिढ्यांची घाण! खरं यीस्ट लाकडाच्या खाचांत असणार. पपडी ब्रशने खरवडली, कडं क्लोरीनच्या पाण्यात बुडवलं. यीस्ट चिवट असतं. तो धडा यायच्या आत कॉलेज सुटलं, पण असणारच. कडं आता पांढरंशुभ्र.
आई किंचाळली, "काय केलंस रे मेल्या!" सायन्स, म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. नियम उद्यापासून.

८ डिसेंबर
माल्टचा रस कोमट झाल्यावर त्यात कडं सोडलं. गावची रीत : यीस्ट टाकताना ओरडायचं, जेवढी मोठी आरोळी तेवढी कडक बियर. मी "योरूऽऽन!" ओरडलो. तळ्यापलीकडे एस्पेनचा कुत्रा भुंकला.

९ डिसेंबर
फेस नाही. योरूनचा फोन : "उठली का?" मी म्हटलं, स्वच्छ बियर शांतपणे उठते. "आमची तर सकाळी पिंपाबाहेर असते." तो घाणीचा जोर, म्हटलं. तिने फोन ठेवला. बहुधा इम्प्रेस झाली.

१२ डिसेंबर
साय धरली! करडी, लवदार. वास किंचित ओल्या मोज्यांचा. आई जेवायला माडीवर बसते.

१४ डिसेंबर, दुपार
योरून आली, तिचे बाबा ब्रिन्युल्फकाकाही. काकांनी पेला नाकाशी नेला, तसाच खाली ठेवला. मग पिंपातून काढून भिंतीवर टांगलेलं कडं दिसलं. काढून घेतलं, त्यावरून अंगठा फिरवत राहिले.
मी म्हटलं, "काका, एकही जंतू नाही त्यावर."
"दिसतंय," म्हणाले आणि टोपी घातली.
योरून दारातून म्हणाली, "त्या पपडीतच सगळं होतं रे, हाल्वर." ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

१५ डिसेंबर
आई सांगत होती, पणजोबांचं यीस्ट आता फक्त एस्पेनकडे उरलंय. योरून तिकडेच गेलीय. दोघं यंदा बियर एकत्रच करणार आहेत म्हणे.
मी पिंप ओतून दिलं. घासलं. पुन्हा घासलं.
अंधारून येताना तळ्यापलीकडून आरोळी आली. आवाज दोन होते. आई खिडकीशी थांबून म्हणाली, "त्यांची कडक होणार."
एस्पेनने हात धुतले असतील असं मला वाटत नाही.